एक्सबॉक्सचे कुलूप: एका खेळयंत्राच्या आज्ञावलीतील बदलांचा इतिहास (२००१–२०१७)

१. प्रश्नाचे स्वरूप

यंत्रांचा इतिहास बहुधा ती निर्माण करणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो. यंत्राची कल्पना कोणाला सुचली, ते केव्हा बाजारात आले, किती खपले आणि त्याची जागा पुढे कोणत्या यंत्राने घेतली, एवढे सांगितले की तो इतिहास पुरा झाला असे मानण्याची प्रथा आहे. यंत्र विकत घेणाऱ्याने त्याचे पुढे काय केले, हा प्रश्न या पद्धतीत गौण ठरतो. परंतु काही यंत्रांच्या बाबतीत खरा इतिहास विक्रीनंतरच सुरू होतो. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने २००१ साली बाजारात आणलेले 'एक्सबॉक्स' हे खेळयंत्र, म्हणजे ज्याला सामान्यतः 'गेम कन्सोल' म्हणतात ते, या प्रकारचे एक ठळक उदाहरण होय.

या यंत्राच्या आज्ञावलीत ग्राहकांनी जे बदल केले, त्यांची हकीकत सामान्यतः दोन प्रकारांनी सांगितली जाते. पहिल्या प्रकारात ती चोरीची कथा असते: फुकट खेळ मिळविण्यासाठी काही लोकांनी कुलूप फोडले. दुसऱ्या प्रकारात ती पराक्रमाची कथा असते: मूठभर बुद्धिमान तरुणांनी एका बलाढ्य कंपनीला नमविले. दोन्ही कथांत तथ्यांश आहे. परंतु कुलूप फोडण्याचे अवघड काम ज्यांनी प्रत्यक्ष केले, त्यांना काय हवे होते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांपैकी एकीतही मिळत नाही. प्रस्तुत लेखात उपलब्ध घटनाक्रमाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

२. यंत्र आणि त्याचे अर्थकारण

एक्सबॉक्स १५ नोव्हेंबर २००१ रोजी उत्तर अमेरिकेत विक्रीस आले. त्याची किंमत २९९ डॉलर होती. त्याच्या पेटीत इंटेल कंपनीचा पेंटियम ३ जातीचा, ७३३ मेगाहर्ट्झ गतीचा प्रक्रियक होता. ६४ मेगाबाइट स्मृती, ८ गिगाबाइटांची हार्ड डिस्क, डीव्हीडी वाचणारे साधन आणि संगणकांच्या जाळ्याशी जोडणारी खाच होती. खेळण्याच्या हातयंत्राची जोडणीदेखील विद्युत्दृष्ट्या यूएसबीच होती. फक्त तिच्या टोकाचा आकार निराळा होता. आतील मूळ आज्ञावली 'विंडोज २०००' या संगणकप्रणालीपासून काटछाट करून बनविलेली होती. तात्पर्य, ज्याला खेळयंत्र म्हणून विकले जात होते, तो वस्तुतः एक सर्वसामान्य संगणक होता.

मग तो संगणकासारखा वापरता का येत नव्हता? याचे उत्तर अर्थकारणात आहे. कंपनी हे यंत्र तोटा सोसून विकत असे आणि तो तोटा खेळांच्या विक्रीतून भरून काढीत असे. प्रत्येक खेळामागे त्याच्या प्रकाशकाकडून कंपनीला स्वामित्वशुल्क मिळे. हा हिशेब जुळण्यासाठी कंपनीने मंजूर केलेलाच खेळ यंत्रावर चालला पाहिजे, ही अट अपरिहार्य होती. जो ग्राहक यंत्र विकत घेऊन त्यावर एकही खेळ न खेळता केवळ संगणक म्हणून त्याचा उपयोग करील, तो या हिशेबात तोट्याचा ग्राहक ठरे. म्हणजे हे कुलूप केवळ चोरासाठी घातलेले नव्हते. ते प्रामाणिक परंतु गैरसोयीच्या ग्राहकासाठीही होते. पुढील घटना समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

३. कुलपाची रचना आणि पहिली फट

एक्सबॉक्सचे संरक्षण हे साखळीसारखे होते. यंत्र सुरू होताच प्रथम एक अतिशय लहान आज्ञावली चाले. ती दुसरीची सत्यता तपासून तिला मोकळे करी. दुसरी मुख्य प्रणालीला, आणि मुख्य प्रणाली खेळाच्या तबकडीवरील अंकीय स्वाक्षरी तपासून खेळाला. स्वाक्षरीची खासगी किल्ली कंपनीपाशी असल्याने बनावट स्वाक्षरी करणे व्यवहारतः अशक्य होते. त्यामुळे सर्व भार साखळीच्या पहिल्या कडीवर येऊन पडला.

ही पहिली कडी शोधून काढण्याचे श्रेय अँड्र्यू हुआंग यांना जाते. ते त्या वेळी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत संशोधक विद्यार्थी होते. यंत्रातील ज्या स्मृतिचकतीत प्रारंभिक आज्ञावली असावी असे वाटत होते, ती त्यांनी वाचून पाहिली. परंतु तिच्यातील प्रारंभीचा भाग प्रत्यक्षात चालतच नव्हता. खरी आज्ञावली अवघ्या ५१२ बाइटांची असून ती दुसऱ्याच एका चकतीच्या पोटात लपविलेली होती. तेथून ती प्रक्रियकापर्यंत जाताना मधल्या तारांवरून उघड्या स्वरूपात वाहते, हे हुआंग यांनी ताडले. आणि त्या तारांना स्वतः तयार केलेले साधन जोडून त्यांनी ती टिपली. तिच्यातच उकलीची गुप्त किल्ली होती. हे संशोधन मे २००२ मध्ये त्या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेच्या टिपणमालेत प्रसिद्ध झाले.

या प्रसिद्धीचा इतिहासही बोधप्रद आहे. अमेरिकेत १९९८ साली झालेल्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने संरक्षक उपाय ओलांडणे हेच स्वतंत्रपणे निषिद्ध ठरविले होते. हुआंग यांनी पुढे लिहिल्याप्रमाणे, संस्थेच्या कायदेविभागाने या कामाशी असलेला संबंध नाकारला. हॅल अॅबलसन व टॉम नाइट हे प्राध्यापक मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. याच विषयावरील त्यांचे पुस्तक एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने कायद्याच्या भीतीने नाकारले आणि ते २००३ मध्ये त्यांना प्रथम स्वतःच्या बळावर काढावे लागले. विकत घेतलेल्या वस्तूचे अंतरंग तपासून त्याचे वर्णन छापणे हे विद्यापीठीय कार्य आहे की अपराध, हा प्रश्न येथे प्रत्यक्ष उभा राहिला.

कंपनीने यंत्राच्या पुढील आवृत्तीत किल्ली बदलली आणि दुसरी कडी तपासण्याची नवी रीत योजिली. परंतु त्यासाठी निवडलेल्या गणिती पद्धतीतील एक विशिष्ट दुबळेपणा गुप्तलेखनशास्त्राच्या प्रकाशित वाङ्मयात काही वर्षे आधीच नोंदलेला होता. हा दुबळेपणा हेरून नवी आवृत्तीही उघडण्यात आली. कंपनीच्या अभियंत्यांनी ते वाङ्मय पाहिले असते, तर ही चूक टळली असती.

४. हत्याराविना प्रवेश

येथपर्यंतच्या शोधांचा लाभ घेण्यासाठी यंत्र उघडून त्यात वेगळी चकती बसवावी लागे. अशा चकत्या बाजारात विकल्या जाऊ लागल्या आणि त्यांच्यामुळे नकली प्रतींचाही सुळसुळाट झाला. पुढचा टप्पा केवळ आज्ञावलीच्या साह्याने, डाग न लावता, कुलूप उघडण्याचा होता. आणि त्यामागील प्रेरणा वेगळी होती.

जर्मनीतील मिखाएल श्टाइल यांच्या पुढाकाराने 'एक्सबॉक्स लिनक्स' हा उपक्रम सुरू झाला होता. लिनक्स ही कोणासही मुक्तपणे वापरता येणारी संगणकप्रणाली या यंत्रावर चालवावी, हा त्याचा हेतू होता. जुलै २००२ मध्ये एका अज्ञात दात्याने या कार्यासाठी दोन लक्ष डॉलरांचे पारितोषिक जाहीर केले. त्यातील निम्मी रक्कम मायक्रोसॉफ्टच्या मालकीची एकही ओळ न वापरता लिनक्स चालविण्यासाठी, तर निम्मी यंत्राच्या जोडणीत काहीही बदल न करता ते साधण्यासाठी होती. लिंडोज या कंपनीचे मायकेल रॉबर्टसन हेच ते दाते, हे जानेवारी २००३ मध्ये उघड झाले. पहिल्या अटीला अनुसरून 'क्रॉमवेल' नावाची सर्वस्वी नवी प्रारंभिक आज्ञावली लिहिली गेली. तिच्यात मूळ कंपनीचे काहीच नव्हते. म्हणूनच तिच्याविरुद्ध ग्रंथस्वामित्वाचा आक्षेप घेणे अवघड होते.

दुसऱ्या अटीची वाट मार्च २००३ मध्ये सापडली. 'एजंट अंडर फायर' या जेम्स बाँडच्या खेळात अर्धवट राहिलेला डाव साठवून ठेवण्याची सोय होती. खेळाच्या तबकडीवरील प्रत्येक गोष्ट स्वाक्षरीने तपासली जाई. परंतु साठविलेल्या डावाची नोंद बाहेरूनही यंत्रात आणता येई आणि तिच्यातील मजकूर नेमून दिलेल्या लांबीतच आहे की नाही, हे तो खेळ पाहत नसे. लांबी मुद्दाम वाढविली की जादा मजकूर स्मृतीतील शेजारच्या जागेवर सांडे आणि प्रक्रियक त्यालाच आज्ञा समजून चालवू लागे. यात आणखी एका निर्णयाची भर पडली होती. वेग वाचविण्यासाठी एक्सबॉक्सवरील प्रत्येक खेळ यंत्राच्या सर्वोच्च अधिकाराने चालत असे. त्यामुळे एका खेळातील चूक ही संपूर्ण यंत्राची चूक ठरली. लवकरच 'मेकअसॉल्ट' आणि 'स्प्लिंटर सेल' या खेळांतही असेच दोष आढळले.

कंपनीने खेळाच्या पुढील छपाईत दोष दुरुस्त केला, तरी आधी विकलेल्या तबकड्या परत घेणे शक्य नव्हते. आणि त्यांवरील स्वाक्षऱ्या खऱ्याच होत्या. स्वाक्षरीला मुदत नव्हती, हे या व्यवस्थेचे मोठे वैगुण्य होय. यंत्र सुरू होताच पडद्यावर येणाऱ्या मूळ फलकाबाबतही हेच घडले. हा फलक आपल्या बहुतेक धारिका तपासून घेई. परंतु अक्षरांच्या वळणांच्या धारिका मात्र न तपासता उघडी. त्या धारिकांत फेरफार केल्यावर कुलूप प्रत्येक वेळी आपोआप उघडू लागले. फलकाची सुधारलेली आवृत्ती निघाली, तर लोक जुनी आवृत्ती परत बसवीत. कारण तिचीही स्वाक्षरी तितकीच वैध होती.

५. वाढलेले सामर्थ्य

कुलूप उघडल्यावर यंत्राने काय केले, याकडे आता वळावयाचे आहे. त्यावर लिनक्स चालू लागले. त्याच्यापूर्वीच्या खेळयंत्रांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावल्या चालू लागल्या आणि बाजारातून नाहीसे झालेले खेळ पुन्हा पडद्यावर आले. मूळ हार्ड डिस्क काढून मोठी बसविता येऊ लागली. या शेवटच्या सोयीचे महत्त्व पुढे अधिक जाणवले. मूळ डिस्क ही त्या त्या यंत्राशी परवलीच्या शब्दाने बांधलेली असे. ती बिघडली, तर बदललेल्या आज्ञावलीच्या साह्यावाचून दुसरी बसविता येत नसे. अर्थात, आज जी जुनी यंत्रे चालू स्थितीत आहेत, त्यांपैकी ज्यांची डिस्क बदलली गेली, ती मुख्यतः या 'अनधिकृत' बदलांमुळे जिवंत राहिली आहेत.

सर्वांत मोठे फळ मात्र निराळेच होते. २००२ मध्ये काही हौशी मंडळींनी या यंत्रासाठी ध्वनिचित्रफिती दाखविणारी एक आज्ञावली लिहावयास घेतली. ती वाढत जाऊन 'एक्सबॉक्स मीडिया सेंटर' या नावाने प्रसिद्ध झाली आणि २९ जून २००४ रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. घरातील संगणकावर साठविलेली गाणी, चित्रे आणि चित्रपट दिवाणखान्यातील दूरचित्रवाणीवर पाहण्याची सोय तिने केली. मूळ कंपनीने या यंत्राकडे अशा दृष्टीने फारसे पाहिलेच नव्हते.

या आज्ञावलीची कायदेशीर स्थिती विलक्षण होती. तिचा मूळ मजकूर सर्वांना खुला होता. परंतु तो यंत्रावर चालेल अशा स्वरूपात आणण्यासाठी मायक्रोसॉफ्टने केवळ अधिकृत खेळनिर्मात्यांना दिलेली साधने लागत. म्हणून तिचे कर्ते फक्त मूळ मजकूर प्रसिद्ध करीत आणि तयार प्रत देण्याचे टाळीत. लोकांना ती प्रत इतर मार्गांनी मिळे. म्हणजे काम स्वतःचे, श्रम स्वतःचे, परंतु फळ उघडपणे वाटता येत नाही, अशी ही अवस्था होती. तिच्यातून सुटण्याचा मार्ग यंत्र बदलणे हाच होता. पुढे ती आज्ञावली लिनक्सवर व अन्य संगणकांवर नेण्यात आली. २००८ मध्ये तिच्यापासूनच 'प्लेक्स' ही शाखा फुटली. २०१० मध्ये एक्सबॉक्सवरील आवृत्तीचे काम मूळ गटाने थांबविले आणि २०१४ मध्ये तिला 'कोडी' हे नवे नाव मिळाले.

याच उघड्या दारातून नकली खेळही आत आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. भाड्याने आणलेली तबकडी डिस्कवर उतरवून परत करणे सोपे झाले. कुलपाला दोन्ही प्रकारचे लोक सारखेच दिसत होते. आणि कुलूप उघडणाऱ्या युक्तीलाही ते वेगळे करता येत नव्हते. नोव्हेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या जाळ्यावरील सामूहिक खेळांच्या सेवेतून कंपनीने बदललेली यंत्रे बाद केली, तेव्हा लिनक्स चालविणारा आणि नकली खेळ खेळणारा हे दोघेही तिच्या लेखी एकच ठरले.

६. निष्कर्षाची चिकित्सा

यावरून एक विचार पुढे येतो. कुलूप फोडण्यास लागणारे कौशल्य विरळ असते. एक्सबॉक्सच्या बाबतीत त्यातील बराच भाग अशा लोकांकडून आला, ज्यांना खेळ नको होते, संगणक हवा होता. त्यांच्यासाठी कंपनीने एकही कायदेशीर दार ठेवले नाही. म्हणून त्यांचे कौशल्य भिंत पाडण्यात खर्च झाले आणि त्या भगदाडातून इतर सर्व आत आले. श्टाइल यांनी २००५ मध्ये बर्लिन येथील एका परिषदेत या यंत्राच्या संरक्षणातील सतरा चुका क्रमाने मांडल्या. त्यांतील बहुतेक तांत्रिक आहेत. परंतु या सर्वांच्या मुळाशी असलेली चूक धोरणाची होती, असे म्हणावे लागते.

हा निष्कर्ष तपासून पाहण्यास सोनी कंपनीची दोन यंत्रे उपयोगी पडतात. प्लेस्टेशन २ साठी सोनीने २००२ मध्ये पाश्चात्त्य देशांत लिनक्सचा अधिकृत संच विकला; त्यात हार्ड डिस्क, कळफलक आणि माउस होते. तरीही त्या यंत्रासाठी अनधिकृत चकत्या विकल्या जातच होत्या. म्हणजे दार ठेवल्याने चोरी थांबते, असे म्हणता येणार नाही. २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ वर लिनक्स बसविण्याची सोय प्रारंभापासून होती. अमेरिकन हवाई दलाच्या संशोधकांनी अशी १,७६० यंत्रे जोडून २०१० मध्ये एक महासंगणक उभारला. या यंत्राचे संरक्षण सुमारे तीन वर्षे अभेद्य राहिले. जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ यांनी त्याच लिनक्सच्या सोयीतून आत शिरण्याचा मार्ग जाहीर केला. तेव्हा सोनीने सुरक्षेचे कारण देऊन १ एप्रिल २०१० रोजी ती सोय काढून घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बर्लिन येथे एका गटाने दाखवून दिले की, सोनीच्या स्वाक्षऱ्यांत प्रत्येक वेळी बदलावयास हवी अशी संख्या तीच ती वापरली गेली असून तीवरून खासगी किल्लीच गणिताने काढता येते. लिनक्सची सोय हिरावून घेतल्यामुळेच आपण या कामाकडे वळलो, असे त्या गटाचे म्हणणे होते.

हे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलते. पहिला हल्ला उघड्या दारातूनच झाला, हे कंपनीच्या बाजूचे प्रमाण. आणि सर्वनाशी हल्ला दार बंद केल्यानंतर झाला, हे दुसऱ्या बाजूचे. शिवाय, प्लेस्टेशन ३ चे संरक्षण रचनेनेही एक्सबॉक्सपेक्षा अधिक सबळ होते. तेव्हा त्या तीन वर्षांचे सर्व श्रेय उघड्या दाराला देणे योग्य नव्हे. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, दार असल्याने चोर आणि अभ्यासक यांच्या वाटा वेगळ्या होतात. ते नसल्याने त्या एक होतात.

७. कायदा आणि समारोप

न्यायसंस्थांनी हा भेद ओळखण्याचा प्रयत्न केला, परंतु एकसारखा नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने २००५ मध्ये प्लेस्टेशनच्या चकत्या विकणाऱ्याच्या बाजूने निर्णय दिला. अमेरिकेत २०१० साली दूरध्वनियंत्रांचे कुलूप उघडण्यास सवलत मिळाली. खेळयंत्रांसाठी तीच सवलत २०१२ मध्ये नाकारण्यात आली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये निन्टेन्डो कंपनीच्या प्रकरणात, संरक्षक उपाय हेतूच्या प्रमाणातच असला पाहिजे, असे तत्त्व सांगितले. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात २०१२ साली घातलेले कलम ६५-अ हे हक्कभंगाच्या हेतूने कुलूप ओलांडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगते. परंतु अधिनियमाने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या हेतूसाठी तसे करण्यास मोकळीक ठेवते. हेतूला महत्त्व देणारी ही भूमिका उपर्युक्त इतिहासाशी अधिक सुसंगत आहे.

स्वतः मायक्रोसॉफ्टने या इतिहासापासून काही धडा घेतला असावा, असे पुढील घटनांवरून दिसते. 'एक्सबॉक्स वन' या तिच्या तिसऱ्या पिढीच्या यंत्रावर २०१६ पासून कोणाही ग्राहकास स्वतः लिहिलेली आज्ञावली चालविण्याची अधिकृत व्यवस्था करण्यात आली. डिसेंबर २०१७ मध्ये 'कोडी' ही आज्ञावली त्याच यंत्राच्या अधिकृत भांडारात दाखल झाली. ज्या यंत्रकुलात ती पंधरा वर्षांपूर्वी कुलूप तोडून जन्मास आली होती, त्याच कुलात ती आता पुढच्या दाराने, परवान्यासह परतली. या अवधीत तिचे कार्य बदलले नव्हते. बदलला होता तो मालकाचा निर्णय. मूळ यंत्राची मर्यादा त्याच्या धातूत नव्हती, परवान्यात होती, याहून स्पष्ट पुरावा या इतिहासात दुसरा सापडत नाही.